लंडनच्या पाळण्यातलं बोलावणं

मामा,

तुमच्या दहाव्याला कुकडीच्या घाटावर भाषणं झाली. सोसायटीचे चेअरमन बोलले, शाळेचे सर बोलले, तुमचे थोरले जावई बोलले. तुमची द्राक्षबाग आली, तुमची शिस्त आली, तुमचा शब्द कसा पक्का असायचा तेही आलं. माईक माझ्यापर्यंत आला नाही, आणि आला असता तरी मी काय बोललो असतो? मला जे बोलायचं होतं ते तिथं बसलेल्या माणसांपुढं बोलण्यासारखं नव्हतं. तुम्हालाही ते त्यांच्यापुढं बोलता आलं नाही, म्हणून तर हे सगळं झालं.

परवा लंडनला परत आलो. वैशाली हॉस्पिटलात ड्युटीला गेली आहे. घरात मी एकटाच आहे, म्हणून लिहायला बसलो.

तुमच्या-माझ्यात बोलणं असं कधी नव्हतंच. मी तुमच्या धाकट्या मुलीशी, वैशालीशी, पुण्यात रजिस्टर लग्न केलं तेव्हा ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी एका कंपनीची बस चालवत होतो. तुम्ही तिला एवढंच म्हणालात म्हणे, "धोंड्याचंच पोर घावलं का तुला?" धोंड्या म्हणजे माझे आबा. आमची माणसं मेंढरामागची. दसरा झाला की आबा कळप घेऊन तुमच्या रानात यायचे. मेंढरं तुमच्या वावरात बसायची, तुमच्या जमिनीला खत व्हायचं. दिवाळी उरकली की आम्ही मढवरून माळशेज घाट उतरून कोकणात जायचो. तुमच्या घरचं भाकरी-कालवण यायचं ते बांधापर्यंत. लहानपणापासून मी तुमच्या बांधावर जेवलोय, मामा. तुमचा उंबरा मात्र पहिल्यांदा बघितला तो मामी गेल्या तेव्हा, तोही अंगणात गर्दीत उभा राहून.

मामींनंतर तुम्ही एकटे पडलात. घरात तुमचा मुलगा रवी होता, सूनबाई होती, पण तुम्ही बोलेनासे झालात. वैशालीनं हट्टच धरला आणि दिवाळीच्या आधी तुम्हाला इकडं घेऊन आली. तुम्ही माझ्या घरी राहायला आलात याचं मला किती वाटलं होतं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यासाठी खोली रंगवली मी. तुम्ही आलात, खोली बघितलीत आणि वैशालीला म्हणालात, "त्याला इचार, ही खिडकी उघडती का?" मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

तसंच चालायचं मग. आपण वैशालीच्या तोंडून बोलायचो. "त्याला म्हणावं चहा गार व्हईल." मीही तिलाच उत्तर द्यायचो. ती कधी चिडायची, कधी हसत सुटायची. थोरल्या जावयांचा फोन आला की तुम्ही उठून बसायचात, "पावणं, काय म्हणतंय पाणीपाऊस?" म्हणायचात. मला तुमच्याकडून हाकच नव्हती.

आणि तरी एक गोष्ट मी विसरणार नाही. इथंही मी बसच चालवतो, आणि दुपारी माझी बस आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या स्टॉपवरून जायची. एक दिवस बघतो तर स्टॉपवर तुम्ही. कानटोपी, वरून मफलर, हात पाठीमागं बांधलेले. मी बस थांबवली, दार उघडलं. "मामा, या वर. एक चक्कर मारून आणतो." तुम्ही मान हलवलीत. "न्हाई. मी आसाच उभा हाय." मागं गाड्या खोळंबल्या, दार लावून मला निघावं लागलं. आरशात बघितलं तर तुम्ही बस वळेपर्यंत तिकडंच बघत होता. दुसऱ्या दिवशीही तुम्ही तिथंच होतात. तिसऱ्याही. पाऊस असला तरी. बसमध्ये मात्र कधी चढला नाहीत.

मग तो पाळण्याचा दिवस.

वैशालीनं तिघांची तिकिटं काढली होती. थेम्सच्या काठचं ते प्रचंड चाक, लंडन आय, तुम्हाला दाखवायचंच असं तिच्या मनात होतं. ऐनवेळी तिला वॉर्डातून बोलावणं आलं. दारात उभी राहून ती म्हणाली, "तिकिटं वाया नका घालवू, तुम्ही दोघं जा." आपण दोघांनी एकदमच तिच्याकडं बघितलं. ती बूट घालून निघूनसुद्धा गेली.

ट्रेनमध्ये आपण समोरासमोर बसलो, तुम्ही खिडकीबाहेर बघत, मी फोनमध्ये. नदीकाठी आल्यावर तुम्ही मान वर करून ते चाक बघितलंत. बराच वेळ बघितलंत. "हा तर जत्रतला पाळणा," तुम्ही म्हणालात. मग जरा थांबून, "पर हा हलत का न्हाई?"

"हलतोय मामा. हळू हलतोय. थांबत नाही, चालत्यातच चढायचं असतं."

तुम्ही मफलर घट्ट केलात. पण त्या काचेच्या डब्यात पाय टाकायची वेळ आली तेव्हा तुम्ही माझा दंड धरलात. आतल्या लाकडी बाकावर टेकलात आणि सोडलात. आयुष्यभर विहिरीत उतरलेला माणूस, मोटार बिघडली तर दोराला धरून खाली जायचात तुम्ही. पण पायाखालची जमीन आपोआप सरकायला लागली तेव्हा तुमच्या कपाळावर थंडीत घाम आला. मी बाटली पुढं केली. तुम्ही प्यालात. माझ्या हातचं पाणी.

लोक काचेला चिकटून फोटो काढत होते. आपण वर-वर जात होतो. मी काहीतरी बोलायचं म्हणून खाली बोट दाखवलं, ती पार्लमेंट, तो पूल. तुम्ही उठलात, काचेजवळ आलात.

"हितनंच राज्य केलं व्हय आपल्यावर?"

"हो."

"वरनं लई बारीक दिसतंय." नदीकडं बघून म्हणालात, "पाणी कुकडीवानीच हाय. गढूळ."

मला हसू आलं. तुम्हीही हसलात, बहुतेक. मग डब्यातल्या माणसांवरून तुम्ही नजर फिरवलीत. एक चिनी कुटुंब, दोन-तीन गोऱ्या म्हाताऱ्या, कॉलेजची पोरंपोरी.

"हितं मराठी येतं का कुणाला?"

"नाही वाटत, मामा."

"बघ नीट."

मी नीट बघितलं. "नाही."

तुम्ही परत बाकावर बसलात आणि पहिल्यांदा माझं नाव घेतलंत. "संपत, बस हितं."

मी बसलो. आणि तुम्ही बोलायला लागलात. अख्ख्या आयुष्यात तुम्ही माझ्याशी जेवढं बोललात त्यातलं निम्मं त्या एका फेरीत बोललात.

तुम्ही म्हणालात, "तुझा बाप आन मी एका वयाचे. तुला ठाव न्हाई, पर तुमच्या वाड्यावर, मेंढराच्या तळावर, मी रोज जायचो. तुझ्या आजीच्या हातचं कालवण, बाजरीची भाकर. एका ताटात जेवायचो आमी. एक दिस माझ्या बापानं बघितलं. कासऱ्यानं मारला मला, तिथंच, धोंड्यापुढं. घरी आणून आंघूळ घातली, मंग आत घेतला. मला वाटलं आता ह्यो काय पुन्यांदा आमच्या रानात येत न्हाई. पर दुसऱ्या वर्साला आला. मेंढरं घिऊन बांधावर हुबा. दुसरा कुणी आसता तर आला नसता."

हे आबांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

"मग मामा, आमच्या लग्नाला एवढा विरोध का केलात?" मी विचारलं. आवाज चढला असणार, कारण ती एक म्हातारी वळून बघायला लागली. "एका ताटात जेवलात ना?"

"ते रानात व्हतं," तुम्ही म्हणालात. "रानातलं रानात चालतं. तुमी दोघांनी ते घरात आणलं."

या वाक्यावर मी तेव्हाही चिडलो होतो आणि आजही चिडतो. पण तुम्ही ते रागानं म्हणाला नव्हता. हताश होऊन म्हणाला होता. पेलत नाही असं ओझं कुणी डोक्यावर दिल्यासारखं.

आपण अगदी वर पोहोचलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "लाव फोन तुझ्या बापाला. तोंड दिसतं तसला लाव."

तिकडं उन्हं कलली होती. कळप मढच्या पुढं उतरायच्या बेतात होता. धाकट्या भावानं फोन आबांपुढं धरला. मागं डोंगर, मेंढरं, आणि आबांचा अर्धाच चेहरा.

"धोंड्या, वळखलं का?"

"आप्पा? तुमी? कुठं हाय?"

"पाळण्यात बसलोय लंडनच्या. ह्ये बघ." तुम्ही फोन उलटा करून त्यांना अख्खं लंडन दाखवलंत.

"लई उंच हाय का?"

"तुझ्या माळशेजएवढं न्हाई."

"मंग एवढ्या लांब कशाला गेला, हितंच यायचं की."

तुम्ही मोठ्यानं हसलात, मामा. तुम्हाला तसं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. मग तुम्ही फोन तोंडाजवळ घेतलात. "आयिक. चैतात हिचं वर्षसराद हाय. तू यायचं. घरात यायचं. व्याही म्हणून यायचं. माझ्या शेजारी पाट टाकतो."

तिकडून नुसतं मेंढरांचं ओरडणं यायला लागलं. ते ऐकून चिनी पोरगी खुदकन हसली.

"आयकलंस का?"

"आयकलं."

"मंग?"

"येतो," आबा म्हणाले.

खाली उतरताना तुम्ही पुन्हा माझा दंड धरला होता. या वेळी बाहेर आल्यावरही लगेच सोडला नाहीत. घरी येऊन मी वैशालीला सगळं सांगितलं. तिचा विश्वासच बसेना. "आप्पा असं म्हणाले? व्याही म्हणाले?" तिनं तीनदा विचारलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला आनंदानं रडताना बघून मला वाटलं, संपलं एकदाचं.

थंडी सरताना तुम्ही गावी परतलात. चैत्रात आम्हा दोघांना रजा मिळाली नाही. कळप कोकणात होता. आबा भावाच्या हवाली मेंढरं करून एसटीनं एकटे घाट चढून आले. नवा पटका घेतला, नवी पैरण शिवली. मला फोन करून विचारलं, "व्याह्याच्या घरी नारळ न्यावा का काय न्यावं?" आमच्यात त्यांना असा प्रश्न कधी पडला नव्हता.

संध्याकाळी मी फोन केला. "कसं झालं, आबा?"

"झालं चांगलं. लापशी व्हती."

"मामांशेजारी बसलात ना?"

"गर्दी लई व्हती," ते म्हणाले. आणि मेंढरांचं बोलायला लागले.

खरं मला रवीनं सांगितलं, तुमच्याच मुलानं, काही दिवसांनी, अगदी हळू आवाजात. अंगणात मांडव होता. तुमची भावकी बसलेली, थोरले जावई बसलेले. आबा फाटकातून आत आले, हातात नारळ. तुम्ही उठून उभे राहिलात. रवी म्हणाला, "आप्पा उठलं तवा मला वाटलं, आता हाताला धरून आणत्यात." तुम्ही दोन पावलं पुढं गेलात. मग कुणीतरी खाकरलं. आणि तुम्ही म्हणालात, "ये धोंड्या. मेंढरं अजून कोकणातच का? जा, बांधावर सावलीला बस. ताट पाठवतो."

आबा गेले. बांधावर बसले. जेवले. ताट स्वतः धुऊन ठेवलं आणि एसटी धरली.

मी तुम्हाला डेपोतून फोन केला होता. तुम्हाला आठवत असेल, कारण त्यानंतर आपण या विषयावर कधीच बोललो नाही.

"मामा, तुम्ही आबांना काय सांगितलं होतं?"

"जेवलाय तो. पोटभर. मी सोता वाढून पाठवलं."

"कुठं पाठवलं?"

मी थांबलोच नाही.

"त्यांनी मागितलं नव्हतं काही. तुम्ही बोलावलं नसतं तर त्यांचं काही अडलं नव्हतं. तुम्ही बोलावून—"

"मला ठाव हाय," तुम्ही म्हणालात. मग एकेक शब्द तोडून म्हणालात, "पावणं, वरचं वर ऱ्हाऊ द्या. मला खाली ऱ्हायचंय."

पावणं. जी हाक ऐकायला मी इतकी वर्षं कान टवकारून होतो, ती तुम्ही मला दिलीत तेव्हा तिनंच दार लावून घेतलंत. त्यानंतर रविवारी वैशालीला फोन करायचात तेव्हा न चुकता विचारायचात, "पावणं हायत का घरी? बरं हाय ना त्यांचं?" मला अहोजाहो करायला लागलात. मी तिथंच शेजारी बसलेला असायचो. हात पुढं करून फोन घ्यावा असं मला वाटायचं. घेतला नाही. तुम्हीही "द्या त्यांच्याकडं" म्हणाला नाहीत. मला वाटायचं, पुढच्या खेपेला गावी गेलो की समोर बसून हे भांडण पुरं करू. तुम्ही चुकलात हे तुमच्या तोंडून वदवून घेऊ. भांडण पुरं करायला माणूस लागतो, हे मनात आलं नाही.

बागेत छाटणी चालू असताना तुम्ही खाली बसलात आणि उठलाच नाहीत. रवीचा फोन आला तेव्हा मी बस चालवत नव्हतो ते बरं झालं. आम्ही पोहोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. पण आबा वेळेवर पोहोचले होते. रवी म्हणाला, तुम्हाला घाटावर नेलं तेव्हा ते सगळ्यांत मागं चालत होते. कुणीतरी म्हणालं, धनगर आलाय बघा. आबांनी ऐकलं असेल. ते परतले नाहीत. तुमची राख होईपर्यंत ते तिथंच थांबले. डोळ्यांत पाणी नव्हतं, असंही रवी म्हणाला.

तेराव्याला मी, वैशाली आणि आबा बरोबरच गेलो. वैशाली सरळ आत गेली. आबा फाटकापाशीच उभे राहिले. रवी बाहेर आला, सगळ्या भावकीच्या देखत आला, आणि त्यानं आबांचा हात धरला.

"आबा, आत चला. पंगतीला बसा. आप्पांच्या जागेवर बसा."

एक-दोन चुलत्यांनी माना फिरवल्या, पण कुणी बोललं नाही. मामा, तुम्ही ज्याला इतकं भ्यालात ते एवढंच होतं. दोन माना फिरल्या, बस्स.

आबांनी रवीच्या हातावर दुसरा हात ठेवला. "न्हाई बाळा. तू चांगला हाय. पर मला त्यानं बोलवलं व्हतं. त्यानंच आत न्यायचं व्हतं. आता कुणाकडं येऊ?"

रवीनं खूप आग्रह केला. वैशाली येऊन पाया पडली, म्हणाली, "आबा, माझ्यासाठी." आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि नाहीच म्हणाले. मला म्हणाले, "तू जा. तू जावई हाय, तुझा मान हाय. तिला वाईट वाटंल." मी आत गेलो. तुमच्या फोटोसमोरच्या ओळीत बसलो आणि जेवलो. वैशालीकडं बघून एकेक घास संपवला.

बाहेर आलो तर आबा रस्त्याकडेच्या बाभळीखाली बसले होते. मी शेजारी बसलो. बराच वेळ ते जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. मग वर न बघता म्हणाले, "संपत, त्या सरादानंतर कवा माझ्याबद्दल काय म्हणला का रं तो तुला?"

मला तुमचं ते फोनवरचं एकच वाक्य आठवत होतं, आणि ते मी त्यांना सांगू शकत नव्हतो.

मी म्हणालो, "म्हणाले होते. म्हणाले, धोंड्याला सांग, चुकलं माझं."

आबांनी मान वर केली. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला.

"खोटं बोलतोस," ते म्हणाले. "यशवंता आसं म्हणायचा न्हाई. मी वळखतो त्याला. ल्हानपनापासनं वळखतो."

तुमचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आप्पा नाही, मालक नाही, यशवंता. आणि मग पटक्याचं टोक तोंडावर घेऊन ते रडायला लागले, लहान पोरासारखे हुंदके देत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पंगतीतून उठून हात धुवायला आलेली माणसं थांबून बघत होती. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

मामा, मी तुमच्यासाठी खोटं बोललो आणि तेही चाललं नाही. तुम्ही कसे होता हे ठाऊक असूनसुद्धा तो माणूस तुमच्यासाठी रडत होता. हे तुम्हाला कळायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

तुमचा जावई,
संपत